रचीव ब्लॉकचं समुद्री पिचिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्समधल्या समुद्रबांधांचे फोटो पाहून कोकणातली माणसं मला नेहमी विचारतात, "असं आपल्याकडे का होत नाही?" विचारणाऱ्यांत नुकतंच कामाला लागलेले सिव्हिल इंजिनिअर असतात, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज करून थकलेले सरपंच असतात, आणि ज्यांच्या वाडीतले माड एकेक करून समुद्रात जातायत असे लोकही असतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक झेलंड या डच प्रांतातली आहेत, कारण हे तंत्र तिथे घडलं, तिथेच फसलं आणि तिथेच सुधारलं.

रचीव ब्लॉकचं पिचिंग म्हणजे नेमकं काय?

बांधाच्या समुद्राकडच्या उतारावर दगड किंवा काँक्रीटचे ब्लॉक एकमेकांना खेटून, एकाच थरात, हाताने किंवा यंत्राने रचून केलेलं अस्तर. धरणाच्या पाण्याकडच्या उताराचं पिचिंग पाहिलं असेल, तर त्याचाच हा समुद्राला तोंड देणारा भाऊ समजा. ब्लॉकखाली खडीचा फिल्टर, त्याखाली बहुतेक वेळा जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड), मग चिकणमातीचा थर आणि आत वाळूचा किंवा मातीचा भराव. खाली पायथा म्हणजे टो, वर बर्म (उतारातली आडवी पायरी) किंवा माथा.

आपल्याकडचे बहुतेक बंधारे टाकीव दगडाचे असतात. डंपरने काळा दगड आणायचा आणि पोकलेनने उतारावर लावायचा. त्यात प्रत्येक दगड आपल्या स्वतःच्या वजनावर टिकतो. रचीव ब्लॉकला शेजारच्या ब्लॉकचाही आधार असतो. पुढचं सगळं याच फरकावर उभं आहे.

लाट आपटून ब्लॉक निघतो ना? मग जाड ब्लॉक लावला की झालं?

ब्लॉक लाटेच्या माराने निघत नाही. तो निघतो लाट ओसरताना, आणि तोही खालून.

लाट उतारावर चढते तेव्हा सांध्यांतून पाणी खालच्या फिल्टरमध्ये शिरतं. मग लाट ओसरू लागते. उतारावरचं पाणी भराभर खाली जातं, पण फिल्टरमधलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. पुढची लाट फुटण्याच्या ऐन आधी, जिथे उतार जवळजवळ उघडा पडलेला असतो, त्या जागी ब्लॉकच्या वर दाब जवळपास शून्य आणि खाली मात्र भरपूर, अशी अवस्था येते. शिवाय समोर उभ्या राहिलेल्या लाटेचा दाब थोडं खालच्या बाजूने फिल्टरमध्ये शिरून त्याच जागेकडे सरकतो. एक-दोन सेकंद ब्लॉक अक्षरशः उचलला जात असतो.

हा दाब किती लागतो? ३७ सेंटिमीटर जाड, ५० बाय ५० सेंटिमीटरचा काँक्रीट ब्लॉक घ्या. हवेत त्याचं वजन सुमारे २१७ किलो, दोन माणसांना हलणार नाही. पण १ ला ४ (एक मीटर उंचीला चार मीटर आडवं अंतर) उतारावर तो एकटा, शेजाऱ्यांच्या आधाराशिवाय ठेवलेला असेल, तर खालच्या आणि वरच्या पाण्यात अर्ध्या मीटरहूनही कमी, म्हणजे जेमतेम ४६ सेंटिमीटर उंचीचा फरक त्याला तरंगवायला पुरतो. दोन मीटरच्या लाटेत असा फरक सहज तयार होतो. तरीही असे बांध टिकतात, कारण ब्लॉक एकटा नसतो. त्याच्या कडा शेजारच्या ब्लॉकमध्ये घट्ट अडकलेल्या असतात आणि वरच्या ओळींचं वजन उताराच्या दिशेने खाली रेलून त्याला आवळून धरतं.

म्हणून डिझाईन करताना मी आधी दोनच प्रश्न विचारतो. खालचं पाणी किती लवकर बाहेर पडेल? आणि ब्लॉक एकमेकांना किती घट्ट धरतील? जाडीचा प्रश्न त्यानंतर.

सांधे सिमेंटने भरून टाकले तर भिंत एकसंध होईल, मग काय बिघडलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीने झालेलं मी पाहिलंय.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका खाडीच्या तोंडावरचा बंधारा पाहायला गेलो होतो. उतार सुंदर घडीव दगडाचा होता. सांधे मॉर्टरने भरून वरून पॉइंटिंग केलेलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यातला दहा-बारा फुटांचा एक पट्टा एकाच तुकड्यात उचलून पुढे सरकला होता. खाली हात घातला तर कोपरापर्यंत पोकळी लागली. फिल्टरमधली खडी धुऊन गेली होती आणि मागचा भरावही निघाला होता. सगळे म्हणत होते, सिमेंट कमी पडलं. मीही तेव्हा तेच म्हणालो होतो. कारण उमगायला मला काही वर्षं लागली: सिमेंटने पाण्याचा परतीचा रस्ताच बंद केला होता.

सांधे बंद केले की अस्तराची पाणी सोडण्याची क्षमता घटते आणि खालचा दाब साठत जातो. एकेका ब्लॉकऐवजी आख्खा पट्टा उचलला जातो. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. कडक पट्ट्याखालची माती निघून गेली, तरी तो काही काळ कमानीसारखा तोलून उभा राहतो. वरून पाहणाऱ्याला सगळं ठाकठीक वाटतं. सुटे ब्लॉक मात्र लगेच खाली बसतात आणि बिघाड दाखवून देतात.

सांध्यांत भरायची ती खडी. डच कारागीर बारीक खडी सांध्यांत घालून ती झाडूने आणि पाण्याने आत बसवतात. ती पाणी जाऊ देते आणि ब्लॉकना पाचरीसारखी आवळतेही. पहिल्या काही वादळांत थोडी वाहून जाते, तेव्हा पुन्हा भरायची. हा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरावा.

हे तंत्र आलं कुठून?

गरजेतून, आणि एका लाकूड पोखरणाऱ्या जिवामुळे.

जुने डच बांध लाकडी खांब आणि समुद्री गवताच्या गाद्यांनी राखलेले असत. १७३० च्या दशकात लक्षात आलं की शिपवर्म हे सगळं लाकूड आतून पोखरतोय. हा शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. लाकडी होडी वापरणाऱ्या कुठल्याही किनाऱ्याला त्याची ओळख सांगावी लागत नाही. खांब काडीसारखे मोडू लागले आणि नाइलाजाने बांधांना दगडाचं अस्तर द्यायची सुरुवात झाली. नेदरलँड्समध्ये दगड जवळजवळ नाहीच, म्हणून तो बाहेरून आणला गेला. पुढे जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठचे बसाल्टचे खांब नावेतून येऊ लागले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जसे पाच-सहा कोनांचे उभे दगडी खांब दिसतात, तसेच, पण आकाराने लहान. ते उभे करून एकमेकांना चिकटवून रचायचे. दगड रचणाऱ्यांचा तिथे स्वतंत्र धंदाच होता. डोळ्यांनी कोन जोखून कुठला खांब कुठे बसेल हे ती माणसं ठरवत.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. बांध फुटले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतरच्या मोठ्या बांधकामाच्या काळात काँक्रीटचे ब्लॉक सर्रास वापरात आले. झेलंडमध्ये हारिंगमान नावाचे ५० बाय ५० सेंटिमीटरचे चपटे ब्लॉक मैलोन्‌मैल लागले. पुढे मोठ्या लाटाकुंडांमधल्या चाचण्यांनी दाखवून दिलं की यातलं बरंचसं अस्तर अपेक्षित वादळाला पुरणार नाही. १९९७ ते २०१५ या काळात झेलंडमध्ये ३०० किलोमीटरहून जास्त लांबीचं अस्तर मजबूत करावं लागलं.

त्या कामातली एक युक्ती मला फार आवडते. काढलेले हारिंगमान ब्लॉक फेकून न देता ते कडेवर उभे करून पुन्हा रचले. २० सेंटिमीटर जाडीचा चपटा ब्लॉक उभा केला की थराची जाडी ५० सेंटिमीटर होते. तोच माल अडीचपट जाड होऊन परत बांधावर बसला.

जाडी कशी काढायची?

प्राथमिक अंदाजासाठी पिलार्चिक यांच्या नावाने ओळखलं जाणारं साधं सूत्र पुरतं. शब्दांत असं:

जाडी = (लाटेची उंची × इरिबारेन अंकाचा २/३ घात) ÷ (सापेक्ष घनता × स्थैर्य गुणक)

लाटेची उंची म्हणजे सिग्निफिकंट उंची (सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी), बांधाच्या पायथ्याशी मिळणारी. भर समुद्रातली नव्हे. सापेक्ष घनता म्हणजे ब्लॉकची घनता वजा समुद्राच्या पाण्याची घनता, भागिले पाण्याची घनता. २,३५० किलो प्रति घनमीटर काँक्रीट असेल तर ती १.२९ येते. इरिबारेन अंक म्हणजे उताराचा टॅन्जंट भागिले लाटेच्या तीव्रतेचं वर्गमूळ. तीव्रता म्हणजे लाटेची उंची भागिले खोल पाण्यातली लाटेची लांबी, आणि ती लांबी म्हणजे १.५६ गुणिले आवर्तनकाळाचा (लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांचा) वर्ग. स्थैर्य गुणक ब्लॉकचा प्रकार आणि रचनेचा दर्जा यांवर ठरतो आणि साधारण ३ ते ६ च्या दरम्यान धरतात. उताराच्या कोसाइनचा छोटासा परिणाम मी इथे सोडलाय.

आता आकडे घालू. लाट २ मीटर, आवर्तनकाळ ६ सेकंद, उतार १ ला ४. लांबी ५६ मीटर, तीव्रता ०.०३६, इरिबारेन अंक १.३२. गुणक ५ धरला तर जाडी ३७ सेंटिमीटर येते. गुणक ४ वर आणला, म्हणजे रचना तितकी घट्ट नाही असं मानलं, तर ४७ सेंटिमीटर. गुणक ६ मिळाला तर ३१. चांगल्या रचनेची किंमत किती, ते या तीन आकड्यांतच दिसतं.

आता उंची तीच ठेवा, फक्त आवर्तनकाळ १० सेकंद करा. जाडी एकदम ५२ सेंटिमीटरवर जाते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा साधारण ८ ते १२ सेकंदांच्या असतात, तर बंदिस्त खाडीतल्या वाऱ्याच्या लाटा त्यामानाने फार आखूड. डच खाडीतल्या बांधाची जाडी उचलून रत्नागिरीच्या उघड्या किनाऱ्यावर लावली, तर ती कमी पडेल. नुसती लाटेची उंची सांगून कोणी जाडी विचारली, तर त्याला आधी आवर्तनकाळ विचारा.

सूत्र इरिबारेन अंक ३ च्या आत असेपर्यंतच वापरावं. शेवटच्या डिझाईनसाठी फिल्टर आणि सांधे धरून सविस्तर गणित करावं लागतं. डच लोक त्यासाठी स्टेनटूट्स नावाची प्रणाली वापरत आले आहेत. महत्त्वाच्या कामाला मॉडेल चाचणी हवीच. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला ३०० मीटर लांबीचं लाटाकुंड आहे, तिथे खऱ्या आकाराचे ब्लॉक तपासता येतात. आपल्याकडे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून आहे आणि किनारा संरक्षणाच्या कामांची मॉडेलं तिथे होतात.

फिल्टर जितका जाड तितका चांगला ना?

नाही. सरावलेले इंजिनिअरसुद्धा इथे चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

या विषयात गळती-लांबी नावाची एक संकल्पना आहे. फिल्टरमधला दाब ब्लॉकखाली किती दूर पसरतो, याचं ते माप. ती काढायची अशी: फिल्टरची पारगम्यता (पाणी जाऊ देण्याची क्षमता) भागिले अस्तराची पारगम्यता, गुणिले फिल्टरची जाडी, गुणिले ब्लॉकची जाडी, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. ही लांबी जितकी छोटी, तितका ब्लॉकखालचा उचल-दाब कमी.

फिल्टर १५ सेंटिमीटर आणि ब्लॉक ३० सेंटिमीटर धरा. फिल्टर अस्तराच्या दहापट पारगम्य असेल तर गळती-लांबी ०.६७ मीटर येते. शंभरपट असेल तर २.१ मीटर. म्हणजे मोकळ्या, जाड खडीच्या फिल्टरवर बंद सांध्यांचे ब्लॉक ही सगळ्यात वाईट जोडी. दाब समोरच्या लाटेपासून लांबवर, नेमका उघड्या पडलेल्या ब्लॉकखाली पोहोचतो. उलट पातळ, बारीक खडीचा फिल्टर आणि त्यावर मोकळ्या सांध्यांचे ब्लॉक ही चांगली जोडी.

फक्त फिल्टर इतका बारीकही नको की त्याची खडी सांध्यांतून बाहेर निघून जाईल. आणि खालची माती फिल्टरमध्ये शिरता कामा नये, त्यासाठी जिओटेक्स्टाईल. ते फाटू नये म्हणून पसरायच्या आधी पृष्ठभाग नीट सपाट करा. साइटवर जिओटेक्स्टाईलवरून डंपर जाताना दिसला तर त्याच क्षणी काम थांबवा. नंतर ते भोक कोणालाच दिसणार नाही, फक्त समुद्राला सापडेल.

चांगली चिकणमाती असेल तर खडी अजिबात न घालता, मातीवर जिओटेक्स्टाईल आणि त्यावर थेट ब्लॉक असंही करतात. गळती-लांबी फार कमी होते. पण त्यासाठी माती खरोखर चांगली आणि पृष्ठभाग अगदी नेटका हवा, नाहीतर ब्लॉकखाली पन्हाळी तयार होतात.

कुठला ब्लॉक निवडावा?

सपाट चौकोनी ब्लॉक स्वस्त, पण त्यांचे सांधे अगदी बारीक, म्हणून पाणी कमी सुटतं. बसाल्टॉनसारखे खांबाच्या आकाराचे काँक्रीट ब्लॉक वेगवेगळ्या कोनांचे असतात. त्यांच्यामध्ये मोकळी जागा साधारण १० टक्के राहते आणि ती खडीने भरली की ते एकमेकांना पाचरीसारखे घट्ट धरतात. हिलब्लॉकची कंबर बारीक असते, त्यामुळे ब्लॉकच्या मधल्या भागात पोकळी राहते, लाटेची ताकद थोडी विरते आणि काँक्रीटही कमी लागतं.

बर्मवर पायवाट हवी असेल तर वरचा पृष्ठभाग सपाट घ्या. लाट जास्त चढू नये असं वाटत असेल तर खडबडीत. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न वेगळाच असतो: साचे कोण देणार? परदेशी ब्लॉकचे आराखडे बहुतेक पेटंटखाली असतात. साधा, जाड, थोडा निमुळता ब्लॉक स्थानिक कास्टिंग यार्डमध्ये करून, मोकळे सांधे राखून रचला, तर तो उत्तम काम देतो. समुद्राच्या पाण्यासाठी काँक्रीट दाट करा. ब्लॉकमध्ये सळई घालू नका, तिची गरज नसते आणि गंज मात्र लागतो.

उतार किती ठेवावा?

१ ला ३ ते १ ला ४. वर घेतलेल्या उदाहरणात १ ला ३ केला तर ३७ ऐवजी ४५ सेंटिमीटर जाडी लागते. १ ला २ वर रचीव ब्लॉक लावण्याचा विचार जागा फारच कमी असेल तरच करा.

टो कसा असावा?

बांधाचं आयुष्य टोवर ठरतं. वरच्या ओळींचं वजन उताराने खाली येऊन टोवर रेलतं आणि त्याच रेलण्यातून ब्लॉकमधली पकड तयार होते. टो चार बोटं सरकला तरी वरच्या सगळ्या ओळी सैलावतात. मग कागदावर धरलेला गुणक ५ जागेवर ५ राहत नाही.

डच पद्धतीत टोला खांबांची किंवा शीट पाईलची (जमिनीत ठोकलेल्या उभ्या पत्र्यांची) रांग असते आणि तिच्यापुढे टाकीव दगडाचा पट्टा. समोरची वाळू खरवडली गेली की तो पट्टा खाली वाकून खड्डा झाकतो. त्यामुळे तो दगड सुटाच ठेवायचा, बांधायचा नाही. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पुळण किती खाली जाते ते मोजून मगच टोची पातळी ठरवा. मे महिन्यात पुळण भरलेली असते, तेव्हा घेतलेली पातळी फसवते. गावातल्या म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारा, श्रावणात कुठले खडक उघडे पडतात. तो हात करून दाखवेल ती रेघ कुठल्याही एका सर्व्हेइतकी मोलाची असते.

पाण्याखाली ब्लॉक रचता येत नाहीत. टोचं काम उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास लावा, कारण तेव्हा ओहोटी सगळ्यात खोल जाते. अष्टमीच्या भांगात टो उघडाच पडत नाही आणि गँग नुसती बसून राहते.

जिने, रॅम्प, मोऱ्या, कोपरे यांचं काय?

मोडतोड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. ब्लॉकची ओळ जिन्याशी थांबली की तिथे पकड संपते, आणि मधल्या फटीतून खडी बाहेर पडायला वाट मिळते. जोड जितके कमी तितकं बरं. जे टळत नाहीत ते शक्यतो लाटेच्या मुख्य माऱ्याच्या पट्ट्यात येऊ देऊ नका. कापलेले छोटे तुकडे कडेला बसवू नका, ते पहिले उडतात. सगळ्यात वरच्या दोन-चार ओळींवरही लक्ष ठेवा. त्यांच्यावर रेलायला कोणी नसल्याने त्यांची पकड मुळातच कमी असते.

टाकीव दगडापेक्षा हे स्वस्त पडतं का?

मालाच्या बाबतीत हो. वरच्याच लाटेला त्याच घराण्यातल्या सूत्राने टाकीव दगड काढला, तर एकेक दगड सुमारे ६५ सेंटिमीटरचा, ७०० किलोच्या आसपासचा येतो. असे दोन थर म्हणजे १.३ मीटर जाडी. रचीव ब्लॉकला ३७ सेंटिमीटर पुरतात. खाण लांब असेल, डोंगर फोडायची परवानगी मिळत नसेल, तर हा फरक फार मोठा आहे.

पण टाकीव दगडाचा मोठा गुण त्याची माफी. जमीन खचली, दगड हलला, दोन दगड वाहून गेले, तरी बाकीचे सावरून घेतात आणि बिघाड हळूहळू वाढतो. रचीव अस्तरात एक ब्लॉक निघाला की शेजाऱ्यांची पकड सुटते, आणि पुढचं फार लवकर घडतं. मऊ चिखलावर, न दबलेल्या भरावावर, किंवा जिथे देखभाल होणार नाही हे आधीच ठाऊक आहे, तिथे मी टाकीव दगडच सुचवतो.

टेट्रापॉडच का नकोत?

टेट्रापॉड म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. ते ब्रेकवॉटरसाठी (बंदरासमोरच्या लाटारोधक बांधासाठी) आणि खोल पाण्यातल्या मोठ्या लाटांसाठी. २ मीटरच्या लाटेला, उतरायला जागा हवी अशा गावकिनाऱ्यावर ते ठेवले की होडी ओढायचा रस्ता बंद होतो. होडी ओढणाऱ्यांना विचारून पाहा.

अस्तर मजबूत असेल तर बांध फुटणार नाही ना?

१९५३ मध्ये बरेचसे बांध समुद्राच्या बाजूने फुटलेच नाहीत. पाणी माथ्यावरून आत पडलं, आतल्या बाजूचा मातीचा तीव्र उतार धुतला गेला आणि बांध पाठीकडून कोसळला. समोरचा दगड जागच्या जागी होता.

म्हणून माथ्याची उंची आणि आतला उतार यांचा विचार अस्तराबरोबरच व्हायला हवा. रायगडच्या खारेपाटात खारबांधांवरून उधाणाचं पाणी आलं की शेतीत काय होतं, हे तिथल्या शेतकऱ्याला इंजिनिअरने सांगायची गरज नाही. अस्तराखाली साधारण ०.८ मीटरचा चांगल्या चिकणमातीचा थर असेल तर ब्लॉक गेल्यावरही बांध काही तास तग धरतो, आणि वादळात ते तास फार मोलाचे असतात. नुसत्या वाळूवर ब्लॉक असतील तर ती सवड मिळत नाही.

मग हे कोकणात लावता येईल का?

काही जागी नक्की. खाडीच्या आत, जेट्टीलगत, खारभूमीच्या बांधांवर, जिथे लाट दोन मीटरच्या आत आहे आणि खाली भक्कम भराव देता येतो, तिथे रचीव ब्लॉक चांगला पर्याय आहे. मुंबईकडे उधाणाची भरती ५ मीटरच्या आसपास जाते, दक्षिणेकडे ती कमी होत जाते. त्यामुळे माऱ्याचा पट्टा किती रुंद, हे ठिकाणानुसार बदलतं.

पण समोर पुळण आहे, आणि गावाला ती पुळण हवी आहे, तर कठीण बांधाची घाई करू नका. कठीण उतारासमोरची वाळू खरवडली जाते आणि धूप बांधाच्या टोकाला, शेजारच्या वाडीत सरकते. ज्या देशाने हे ब्लॉक घडवले, त्यांनीही उत्तर हॉलंडमधल्या पेटनजवळ, हॉन्ड्सबॉस या जुन्या दगडी बांधासमोर २०१५ पर्यंत सुमारे ३.५ कोटी घनमीटर वाळू टाकून नवी पुळण केली. कारण तिथे वाळू हे जास्त योग्य उत्तर होतं. सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी तर लागतेच. अर्ज करताना शेजारच्या किनाऱ्यावर काय परिणाम होईल हे मोजून दाखवा. मागाहून तो प्रश्न शेजारच्या गावाच्या ग्रामसभेत येण्यापेक्षा ते बरं.

काम चालू असताना काय तपासावं?

खालून वर रचत या. यंत्राच्या चिमट्याने एका वेळी साधारण चौरस मीटरभर ब्लॉक बसवता येतात. ते बसवल्यावर कुठलाही ब्लॉक शेजाऱ्यापेक्षा वर डोकावत नाही ना, ते हात फिरवून पाहा. खडी भरल्यावर दोन भरत्या जाऊ द्या आणि पुन्हा भरा.

मग ओढ-चाचणी घ्या. ब्लॉकला वरून पकडून त्याच्या वजनाच्या काही पट जोराने ओढायचं. नेदरलँड्समध्ये जुन्या बांधांवर अशा असंख्य चाचण्या झाल्या आणि बरेच ब्लॉक आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोरालाही हलले नाहीत. जे सहज वर आले, तेच खरे कमकुवत दुवे. शंभरातला एक सैल ब्लॉक शोधण्यासाठीच ही चाचणी असते, सरासरी काढण्यासाठी नव्हे.

वादळानंतर एक ब्लॉक निघालेला दिसला. आता?

त्याच ओहोटीत काहीतरी करा. भोकात हात घालून पाहा. फिल्टर जागेवर असेल आणि जिओटेक्स्टाईल शाबूत असेल, तर खडी भरा, ब्लॉक परत बसवा, सांधे भरा. ब्लॉक सापडला नाही तर भोकात तात्पुरता दगड घट्ट पाचरून बसवा, त्याच्या फटींत मोठी खडी ठोकून. काँक्रीट ओतू नका. फिल्टर गेला असेल तर भोवतालचे ब्लॉक काढून पोकळी कुठवर गेलीय ते पाहावंच लागेल, मग दिसायला भोक एवढंसं का असेना.

आणि भोकाच्या वरच्या बाजूला उतारावर चाला. पाय टाकल्यावर एखादा ब्लॉक पोकळ वाजला, किंवा जराही हलला, तर त्यावर पांढऱ्या रंगाची खूण करा. पुढच्या ओहोटीला तिथूनच सुरुवात करायची.